फुलं येतात, पण दुधी गळतो: गच्चीवरच्या बागेत माश्या-भुंग्यांना कसं बोलवायचं

पावसाळा सुरू झाला की गच्चीवर किंवा बाल्कनीत भाज्या लावणाऱ्यांकडून एक तक्रार हमखास ऐकू येते. दुधीचा वेल मांडवभर पसरलाय, पांढरी फुलं येताहेत, बोटाएवढी फळंही दिसताहेत. पण चार-पाच दिवसांत ती टोकाकडून पिवळी पडतात आणि गळून जातात. मग शेणखत वाढवलं जातं, आंबट ताक पाण्यात घालून दिलं जातं, कुणीतरी औषध फवारायला सांगतं. आमच्या गच्चीवर हे सगळं एक पूर्ण हंगाम करून झालं. वेल आणखी हिरवागार झाला, दुधी मात्र एकही हाती लागला नाही.

त्या वेलाला खत भरपूर मिळत होतं. संध्याकाळी उमललेल्या फुलांवर रात्रभर कुणी फिरकत नव्हतं, एवढीच काय ती उणीव होती.

## फळ धरायला नेमकं काय लागतं

दुधी, भोपळा, कारलं, दोडका, काकडी या वेलांवर साधारणपणे दोन प्रकारची फुलं येतात. नर फूल बारीक देठावर नुसतंच उभं असतं. मादी फुलाच्या मागे मात्र पहिल्या दिवसापासून इवलंसं फळ दिसतं, म्हणून आपल्याला वाटतं की फळ धरलं. खरं तर ते रेल्वेच्या वेटिंगच्या तिकिटासारखं असतं. नर फुलातली पिवळी भुकटी, म्हणजे परागकण, मादी फुलाच्या मधल्या चिकट टोकावर पोचली तरच ते तिकीट पक्कं होतं. या पोचवण्याला परागीभवन म्हणतात आणि पोचवणाऱ्या जिवाला परागवाहक. शास्त्रातले एवढे शब्द माहीत असले की पुढचं सगळं समजतं.

पराग अर्धवट पोचले तर फळ धरतं, पण वाकडंतिकडं. देठाकडे बारीक आणि टोकाला फुगलेली काकडी पाहिली असेल. फळाच्या ज्या भागातल्या बिया नीट भरतात तो भाग फुगतो, बाकीचा तसाच राहतो. एका फुलाला एक माशी एकदा शिवून गेली म्हणजे काम झालं असं नसतं. सुबक भोपळ्यामागे बऱ्याच फेऱ्या असतात.

शिवाय प्रत्येक वेलाची वेळ ठरलेली. लाल भोपळ्याचं फूल पहाटे उघडतं आणि ऊन तापलं की मिटतं. कारल्याचं आणि घोसाळ्याचं सकाळचं. दोडका आणि दुधी संध्याकाळी उमलतात, पडवळाची झालरीसारखी पांढरी फुलं रात्रीची. सकाळी दहाला चहा घेऊन बागेत जाणाऱ्याला भोपळ्याचं फूल मिटलेलं दिसतं आणि दुधीचं कोमेजत आलेलं. त्यामुळे आपल्या बागेत कोण येतं आणि कोण येत नाही, हे बहुतेकांनी कधी पाहिलेलंच नसतं.

तातडीचा उपाय म्हणून हे काम हातानेही करता येतं. ताजं नर फूल खुडायचं, पाकळ्या मागे वळवायच्या आणि मधला दांडा मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवायचा. दुधीसाठी हे दिवेलागणीला करायचं, भोपळ्यासाठी भल्या सकाळी. यानंतरही फळ गळलं तर फळमाशी, पाण्याचा ताण अशी दुसरी कारणं शोधावीत. पण रोज दोन वेळा आपणच माशी व्हायचं, हे किती दिवस जमणार?

## मधमाशी संपली तर माणूस संपेल का?

२० मे हा जागतिक मधमाशी दिन. तो जवळ आला की मोबाइलवर एक संदेश फिरू लागतो: मधमाश्या नाहीशा झाल्या तर माणूस चार वर्षांत संपेल, असं आइनस्टाइन म्हणाले होते. ते असं म्हणाल्याचा कुठलाही पुरावा नाही आणि दावाही खरा नाही. गहू, भात, ज्वारी, बाजरी, मका यांचं वाऱ्यावर किंवा स्वतःच्या परागांवर भागतं. माशी नसली तरी भाकरी मिळेल.

भाकरीबरोबरच्या तोंडी लावण्याचं मात्र अवघड होईल. जैवविविधतेवर काम करणाऱ्या आयपीबीईएस या आंतरराष्ट्रीय मंचाने २०१६ मध्ये परागवाहकांचा आढावा प्रसिद्ध केला. जगातल्या प्रमुख अन्नपिकांच्या प्रकारांपैकी ७५ टक्क्यांहून अधिक पिकांना परागवाहकांचा थोडाफार फायदा होतो, पण एकूण उत्पादनाच्या मापात अशा पिकांचा वाटा सुमारे ३५ टक्के आहे, असं त्यात म्हटलं होतं. दोन आकड्यांत एवढं अंतर का, तर पोट भरणारी धान्यं थोडीच असतात पण पोत्यांनी पिकतात; फळं, भाज्या, तेलबिया, मसाले पुष्कळ प्रकारचे असतात. वेलची, सूर्यफूल, सफरचंद, कलिंगड, भोपळा ही सगळी त्या दुसऱ्या गटातली.

## येणारे कोण कोण?

‘माशी’ म्हटलं की आपल्याला पोळं आणि मध आठवतो. महाराष्ट्रात सातेरी मधमाशी झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या पोकळीत समांतर पोळी बांधते. पेटीत पाळल्या जाणाऱ्यांपैकी ही एक. उंच कड्यांना, पाण्याच्या टाक्यांना, इमारतींच्या छज्जांना भलंमोठं एकच पोळं लटकवणारी ती आग्या. झुडपात तळहाताएवढं पोळं करणारी फुलोरी. आणि भिंतीच्या फटीतून मेणाची छोटी नळी बाहेर काढून राहणारी, डंखच नसलेली इवलीशी काळी पोया माशी.

पण जगात मधमाश्यांच्या कुळातल्या २०,००० हून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक एकट्या राहतात. त्यांना राणी नाही, फौज नाही, मधाचं कोठार नाही. एक मादी, तिचं एक बीळ आणि तिची थोडीशी अंडी. मराठी माणसाला यातला सगळ्यात ओळखीचा म्हणजे काळा भुंगा. वाळलं लाकूड पोखरणारा भुंगा कोवळ्या कमळात अडकून पडतो, ही उपमा आपल्याकडे शेकडो वर्षं चालत आली आहे आणि तिच्यातला लाकूड पोखरण्याचा भाग निरीक्षण म्हणून अगदी बरोबर आहे. भुंग्याची मादी वाळक्या लाकडात किंवा बांबूत गोल बोगदा पाडून त्यातच अंडी घालते.

हा भुंगा वांगी-टोमॅटोच्या बागेत फार कामाचा आहे. या फुलांमधले पराग उघड्यावर नसतात. ते मिठाच्या डबीसारख्या नळीत बंद असतात आणि नळीच्या टोकाला बारीक भोकं असतात. डबी हलवल्याशिवाय मीठ पडत नाही. भुंगा फुलाला घट्ट धरतो, पंख न हलवता नुसते उडण्याचे स्नायू थरथरवतो आणि पराग भुरभुरा अंगावर पाडून घेतो. त्या वेळी त्याच्या गुंजनाचा सूर एकदम बदलतो. जवळ उभं राहिलं तर स्पष्ट ऐकू येतो. मधमाशीला हे जमत नाही. वांगं स्वतःच्या परागावरही फळतं, पण अशी थरथर मिळाली तर फळं जास्त आणि चांगली धरतात.

भुंग्यासारखंच हे कसब आणखी एका माशीला अवगत आहे. मधमाशीएवढी, पोटावर चमकदार निळे पट्टे, आणि उडणं असं की क्षणभर हवेत थांबते आणि दुसऱ्या क्षणी दिसेनाशी होते. इंग्रजीत हिला ब्लू बँडेड बी म्हणतात. आपण निळपट्टी म्हणू. फुललेल्या तुळशीपाशी सकाळी दहा मिनिटं शांत बसलात तर ती दिसण्याची शक्यता बरीच आहे. याशिवाय पानं कापणाऱ्या माश्या, फुलमाश्या, फुलपाखरं, रात्रीचे पतंग आणि शिंजीर, म्हणजे सूर्यपक्षी, हे सगळे याच कामावर असतात. दुधी आणि पडवळाची रात्रपाळी मुख्यतः पतंगांकडे असते.

## देशी फूलच कशाला?

आता मुख्य मुद्दा. रोपवाटिकेत गेलं की पेटुनिया, बोगनवेल, डबल जास्वंद, गोंड्यासारखे झेंडू असं डोळे दिपवणारं काहीबाही मिळतं. फुलपाखरं त्यावरही येतात की, मग देशीचा आग्रह का?

दोन गोष्टी वेगळ्या करून पाहाव्यात. एक जेवण, दुसरी बाळंतपण. जेवायला कुठलीही खानावळ चालते. बाळंतपणाला माहेर लागतं. फुलातला गोड रस, म्हणजे मकरंद, पिण्यासाठी फुलपाखरू ओळख नसलेल्या फुलावरही बसेल. अंडी मात्र ते ठरलेल्या झाडांच्याच पानांवर घालतं, कारण त्याची अळी तीच पानं पचवू शकते. रुईचा चीक गाई-गुरांना नको असतो, पण प्लेन टायगर या तांबूस फुलपाखराच्या अळीला तोच लागतो. चित्रकावर झेब्रा ब्लू हे छोटं निळसर फुलपाखरू वाढतं. ईश्वरीच्या वेलावर क्रिमसन रोझ. लिंबू, बेल, कढीपत्ता या एका कुळातल्या झाडांवर लाइम बटरफ्लाय आणि कॉमन मॉरमॉन. महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखराचा मान दिला ते ब्लू मॉरमॉन, आपली राणी पाकोळी, तीही याच लिंबाच्या कुळावर वाढते. हजारो पिढ्यांच्या देवाणघेवाणीतून जुळलेली ही नाती आहेत. परदेशातून अलीकडे आलेल्या झाडाशी ती सहसा जुळलेली नसतात.

याचं टोक पाहायचं तर उंबर बघा. दुर्मीळ माणसाला आपण ‘उंबराचं फूल’ म्हणतो, कारण ते कुणाला दिसत नाही. ती फुलं असतात फळासारख्या दिसणाऱ्या गाठीच्या आत, आणि तिथे बारीक भोकातून शिरून परागीभवन करते मुंगीपेक्षाही लहान अशी एक गांधीलमाशी. उंबराच्या कुळातल्या जवळपास प्रत्येक जातीची अशी आपापली माशी ठरलेली असते. झाड गेलं की माशी गेली, माशी गेली की झाडाला बी नाही.

दुसरा घोळ डबल फुलांचा. एकेरी जास्वंदीत पाच पाकळ्या आणि मधोमध परागांनी भरलेला दांडा असतो. डबल जास्वंदीत तो दांडा जवळजवळ दिसतच नाही, कारण पराग बनवणाऱ्या भागांच्याच पाकळ्या झालेल्या असतात. बटमोगरा, भरगच्च गुलाब यांचंही तसंच. माणसाच्या डोळ्यांना हे फूल समृद्ध दिसतं. माशीच्या लेखी ते ताट मांडून न वाढलेलं जेवण आहे. फूल देशी असो की परकं, मधला भाग उघडा दिसतोय का हे पाहून रोप घ्या.

## मग झेंडू, सदाफुली काढून टाकायची?

मुळीच नाही. झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा, सदाफुली आणि गुलमोहर मादागास्करचे, बोगनवेल आणि रातराणी अमेरिका खंडाच्या. दसऱ्याचं तोरण मेक्सिकोच्या फुलाचं असतं म्हणून ते कमी आपलं होत नाही. एकेरी झेंडूवर माश्या येतात. रस्त्याकडेला उगवणारी एकदांडीसुद्धा मध्य अमेरिकेतून आलेली, तरी आपल्याकडच्या छोट्या फुलपाखरांची ती रोजची खानावळ आहे.

एक अपवाद मात्र मी करते. घाणेरी लावू नका, तिच्यावर कितीही फुलपाखरं दिसोत. इंग्रजांच्या काळात शोभेसाठी आणलेल्या या झुडपाने आपली जंगलं, माळ, कुरणं गिळली आहेत. पक्षी तिची फळं खाऊन बिया दूरवर टाकतात. तुमच्या कुंडीतली घाणेरी कुंडीत राहत नाही.

बाकी हिशोब साधा ठेवावा. बागेत जे आहे ते असू द्या, नवं रोप घेताना मात्र देशी घ्या.

## सुरुवात कशाने करायची

तुळशीने. ती बहुतेक घरांत आधीच आहे. आपण मंजिऱ्या खुडतो, कारण खुडल्या की तुळस डेरेदार होते आणि विठ्ठलाला वाहायलाही त्या लागतात. दोन कुंड्या ठेवा. एकीच्या मंजिऱ्या खुडा, दुसरीच्या फुलू द्या. सातेरी, पोया, निळपट्टी तिघींचं पोट त्या जांभळट इवल्या फुलांवर भरतं. सब्जाचंही तसंच आणि तो महिन्या-दीड महिन्यात फुलतो.

दुसरी कोरांटी. पिवळी काटेकोरांटी, तिलाच वज्रदंती म्हणतात, किंवा जांभळी-पांढरी बिनकाट्याची. पावसाळा ओसरला की फुलायला लागते आणि थंडीभर फुलत राहते. फांदी खोचली तरी जगते, पाणी विसरलात तरी रागावत नाही. भुंगा आणि शिंजीर दोघंही तिच्यावर येतात.

तिसरा अडुळसा, माझा सगळ्यात आवडता. खोकल्याच्या काढ्यासाठी म्हणून तो लावला जातो, पण थंडीत येणारी त्याची फुलं नीट बघा. पांढरी जबड्यासारखी पाकळी आणि तिच्यावर जांभळ्या रेघा. विमानतळाच्या धावपट्टीवर दिवे असतात तशा त्या रेघा माशीला आत रस कुठे आहे ते दाखवतात. माशी रेघेवरून आत शिरते आणि वर टांगलेले पराग तिच्या पाठीला लागतात. मोठी कुंडी आणि वर्षातून एक छाटणी एवढंच त्याला पुरतं. खेड्यात कुंपणाला असतो, कुणीही फांदी देईल.

यापुढे जागेप्रमाणे निवडा. बाल्कनीसाठी अबोली, तेरडा, चित्रक, कढीपत्ता, एखादं लिंबू. अंगण असेल तर निर्गुडी, धायटी, पारिजातक. सोसायटीच्या आवारात झाड लावायची संधी मिळाली तर बहावा किंवा ताम्हण सुचवा. ताम्हण हे महाराष्ट्राचं राज्यपुष्प आहे. ऐन उन्हाळ्यात जांभळ्या तुऱ्यांनी भरलेलं हे झाड कितीतरी आवारांत सहज मावेल. बहाव्याच्या पानांवर एमिग्रंट जातीची फिकट पिवळी-पांढरी फुलपाखरं अंडी घालतात आणि त्याच्या फुलांना वांग्यासारखीच भुंग्याची थरथर लागते.

रोपं रोपवाटिकेतून, बियांच्या देवाणघेवाणीतून किंवा शेजाऱ्याच्या फांदीवरून घ्या. कासच्या पठारावरून किंवा कुठल्याही सड्यावरून काहीही उपटून आणू नका. तिथली सोनकी, तेरडा, कारवी पातळ मातीच्या आणि धुक्याच्या हिशोबाने वाढतात. कुंडीत ती मरतील आणि तिथली एक जागा रिकामी होईल.

## एकेक रोप की झुंबड?

आपली सवय अशी की एक कुंडी याची, एक त्याची. मधमाशीची सवय उलट. एका फेरीत ती शक्यतो एकाच जातीच्या फुलांवर फिरते. फुलाला हेच हवं असतं, कारण तुळशीचा पराग अडुळशाच्या काही कामाचा नाही. पण त्यासाठी त्या फुलांची गर्दी लागते. एकाच भाजीवाल्याकडे एकच मेथीची जुडी असेल तर लांबून कोण येईल? म्हणून दहा प्रकारची दहा रोपं लावण्यापेक्षा तीन-चार प्रकारची प्रत्येकी तीन-तीन रोपं शेजारी-शेजारी लावावीत.

आणि ती एकाच वेळी फुलणारी नसावीत. माशीच्या आहारात मकरंद म्हणजे भात-भाकरी, त्यातून शक्ती मिळते. पराग म्हणजे डाळ, त्यावर पिल्लं वाढतात. हे दोन्ही तिला बारा महिने लागतं. शिशिर-वसंतात बाहेर पळस, पांगारा, शेवगा, करंज फुलतात, तेव्हा आपली बाग नसली तरी चालतं. उन्हाळ्यात बहावा, ताम्हण, कढीपत्ता. खरी उपासमार कधी होते हे बऱ्याच जणांना उलटं वाटेल: भर पावसात. सगळीकडे हिरवं दिसतं, पण मोठी झाडं फुललेली नसतात, पावसाने रस धुऊन जातो आणि माश्यांना उडताही येत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये आडोशाला ठेवलेली फुललेली तुळस, सब्जा, तेरडा आणि भाज्यांचे वेल यांची किंमत म्हणून जास्त. भाद्रपद-आश्विनात रान पुन्हा भरतं, मग कोरांटी, अबोली आणि अडुळसा थंडी ओलांडून देतात.

## अळ्या झाड खाऊन टाकतील त्याचं काय?

खातील. लिंबाच्या कोवळ्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काहीतरी दिसलं तर नीट बघा, ती लाइम बटरफ्लायची लहान अळी असते. पक्ष्यांना फसवायला तिने हे रूप घेतलंय. मोठी झाली की हिरवी होते आणि डिवचली तर डोक्यामागून केशरी शिंगं बाहेर काढून उग्र वास सोडते. तिचा खाण्याचा जोर दोनेक आठवडे टिकतो, मग कोष, मग फुलपाखरू. रोप निरोगी आणि थोडं मोठं असेल तर ते नव्याने पालवतं. अगदीच लहान रोप असेल तर अळ्या त्याच कुळातल्या दुसऱ्या झाडावर हलवा. आम्ही दोन कढीपत्ते ठेवलेत, एक फोडणीचा आणि एक फुलपाखरांचा.

गुलाबाच्या पानाला कंपासने कापल्यासारखे गोल तुकडे गेलेले दिसले तर तोही रोग नाही. पानं कापणारी माशी ते तुकडे नेऊन आपल्या बिळात पिल्लांच्या खोल्यांना अस्तर लावते. गुलाबाला त्याने काहीच होत नाही.

मावा, पांढरी माशी यांचं काय? पाण्याचा जोरदार फवारा, हाताने पुसणं, थोडी वाट पाहणं. ढालकिडे येतात आणि मावा फस्त करतात. कडुनिंबाचं तेल वापरायचंच तर फुलं नसलेल्या भागावर, माश्या घरी गेल्यानंतर, संध्याकाळी उशिरा. टाळायचं ते आंतरप्रवाही कीटकनाशक. नावातच त्याचं काम आहे: मुळाला किंवा पानाला दिलं तरी ते रसाबरोबर झाडाच्या आत सगळीकडे फिरतं, म्हणजे मकरंदात आणि परागातही उतरतं. आपण मावा मारायला औषध देतो आणि ते माशीच्या डाळ-भातात मिसळतं. याच गटातल्या इमिडाक्लोप्रिडसह तीन औषधांचा उघड्या शेतातला वापर युरोपियन संघाने २०१८ मध्ये थांबवला. रोप विकत घेताना त्याच्यावर काय मारलंय, हे रोपवाटिकेत विचारायला संकोच करू नका.

## घरात लहान मुलं आहेत, चावल्या तर?

ही भीती खोटी नाही, पण ती कुणाची आणि कुठे बाळगायची ते नीट कळायला हवं. फुलावर रस पिणारी माशी कामात असते. तिला हाताने दाबलं किंवा तिच्यावर पाय पडला तरच ती डंख मारते. पोया माशीला डंख नाही. भुंग्याचा आणि निळपट्टीचा नर डंख मारूच शकत नाही आणि त्यांच्या माद्यांना राखायला मोठं पोळं नसल्यामुळे त्या अंगावर येत नाहीत. धोकादायक असतात त्या चिडलेल्या आग्या माश्या, त्याही स्वतःच्या पोळ्यापाशी, धूर केला किंवा दगड मारला तर. त्या तुमच्या तुळशीमुळे इमारतीला पोळं लावत नाहीत; उंच आणि निवांत छज्जा बघून लावतात, आणि हंगाम संपला की बहुधा स्वतःच निघून जातात. पोळं येण्याजाण्याच्या वाटेवर असेल तर जाणकारांना बोलवावं, रात्री जाळण्याचा उद्योग करू नये. घरात कुणाला डंखाची तीव्र ॲलर्जी असेल तर फुलांच्या कुंड्या दार-खिडकीपासून लांब ठेवाव्यात आणि डॉक्टरांचा सल्ला आधीच घेऊन ठेवावा.

## राहायला जागा

एकट्या राहणाऱ्या माश्यांना फारसं काही लागत नाही. एका कुंडीतली माती उघडी, कोरडी, न उकरलेली ठेवली तर जमिनीत बीळ करणारी माशी तिथे येऊ शकते. एका बाजूने गाठ असलेले बांबूचे बारीक तुकडे जुडी बांधून, पाऊस लागणार नाही अशा जागी आडवे टांगावेत. वाळकं लाकूड लगेच टाकून देऊ नये. उथळ बशीत खडे घालून पाणी ठेवावं, म्हणजे माशी खड्यावर बसून पिते आणि बुडत नाही. डासांची शंका रास्त आहे, म्हणून ते पाणी रोज बदलायचं.

बागेचा एखादा कोपरा थोडा अस्ताव्यस्त राहू द्या. रात्री गच्चीवरचा प्रखर दिवा बंद ठेवा. पतंग दिव्याभोवती घिरट्या घालत बसले तर पडवळाकडे कोण जाणार?

## मधपेटीच आणून ठेवली तर?

कळकळीने विचारला जाणारा हा प्रश्न आहे, पण घरच्या बागेसाठी माझं उत्तर नाही असंच आहे. एका पेटीत हजारो माश्या असतात आणि चार कुंड्यांवर त्या जगत नाहीत. आसपास फुलं कमी असतील तर त्या भुंग्या-निळपट्टीच्या तोंडचा घासही घेतात. मधमाशीपालन हा शिकून करायचा व्यवसाय आहे. पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था त्यासाठीच आहे, आणि महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ मध्ये देशातलं पहिलं ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं ते भोवतीचं जंगल आणि गावाचा पिढ्यांचा अनुभव यांच्या बळावर. शहरात पेटीच्या आधी फुलं हवीत.

## एका बाल्कनीने असा काय फरक पडतो?

पोया माशी घरापासून काही शे मीटरच उडते. तिच्यासाठी जग म्हणजे आपली गल्ली. गल्लीच्या एका टोकाला बाग आणि दुसऱ्या टोकाला नाल्याकाठचं करंज असेल, मध्ये सगळा फरशीचा पट्टा असेल, तर तो तिला ओलांडता येत नाही. तिसऱ्या मजल्यावर एक तुळस, पलीकडच्या इमारतीत एक कोरांटी, मंदिराच्या आवारात अडुळसा असं झालं की तिला पाणपोया मिळत जातात. उंचीचं म्हणाल तर आग्या माश्या उंच इमारतींवर राहतात, म्हणजे वर येणं त्यांना अशक्य नाही. वरच्या मजल्यावर अडचण असते ती वाऱ्याची. तिथे कुंड्या भिंतीच्या आडोशाला ठेवा.

आमच्या गच्चीवर पहिल्या वर्षी फार काही दिसलं नाही. तुळस फुलल्यावर निळपट्टी यायला लागली, कोरांटीला भुंगा दुसऱ्या थंडीत आला. त्याच सुमारास एका संध्याकाळी तुळशीच्या वाळक्या काडीवर सात-आठ निळपट्ट्या ओळीने चिकटलेल्या दिसल्या, हालचाल नाही. मेल्या असं वाटून मी काडी हलवणार होते. ते नर होते. त्यांना बीळ नसतं. दिवस मावळला की ते जबड्याने काडी घट्ट धरतात आणि तसेच झोपतात. सकाळी ऊन आलं तेव्हा एकेक करून उडाले. ती काडी अजून कापलेली नाही.